बाबांच्या जागेवर बसलेला माणूस

तो बाबांच्या जागेवर बसला होता.

चौदाव्या रांगेत, खिडकीशी. मांडीवर बुटांच्या खोक्याएवढा पत्र्याचा डबा, डब्यावर दोन्ही हात आणि कपाळ काचेला टेकवलेलं. बाहेर पाऊस भुरभुरत होता. काचेवरून ओघळणारा एकेक थेंब तो इतका मन लावून बघत होता, की मी शेजारी येऊन उभी राहिले तरी त्याला पत्ता नव्हता.

"ही जागा माझ्या वडिलांची आहे," मी म्हणाले.

तो दचकला. तिशी ओलांडलेला, दोन दिवसांची दाढी, आणि उजव्या अंगठ्याच्या नखात काहीतरी गुलाबी अडकलेलं. त्यानं खिसे चाचपून बोर्डिंग पास काढला. त्यावर चौदा ए स्पष्ट छापलं होतं. मी माझा तिकिटाचा कागद पुढे केला. त्यावरही चौदा ए होतं, आणि त्याखाली चौदा बी... ती माझी जागा.

"एका खुर्चीवर दोघांना बसवायला लागले वाटतं," तो म्हणाला. "मला तर आत्ता गेटवर दिली ही. वडील कुठायत तुमचे?"

इथे मी खरं बोलायला हवं होतं.

"येतायत," मी म्हणाले.

माझे बाबा नऊ दिवसांपूर्वी गेले होते. माझ्याकडे राहायला या म्हणून मी तीन वर्षं त्यांच्या मागे लागले होते. अखेर ते हो म्हणाले, मी त्यांना न्यायला गेले, परतीची दोन तिकिटं काढली. आणि एका सकाळी, बांधून ठेवलेल्या सामानाशेजारी, खुर्चीत बसल्याबसल्या ते गेले. बाबांच्या जुन्या मित्रानं तिथल्या नातेवाइकांना फोन केले. मी नुसती मान हलवत राहिले. मी ग्रंथालयात काम करते, दिवसभर शब्दांतच असते; पण ते एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नव्हतं. माझ्या शेजारच्या काकूंनी परवा फोनवर विचारलं, "बाबांसाठी न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली गं, अजून काय लागेल?" तर मी म्हणाले, "काही नाही." आज सकाळी विमानतळावरच्या खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "दुसरे प्रवासी?" तर म्हणाले, "मागून येतायत."

ते आले नाहीत, म्हणून त्यांची जागा याला मिळाली. त्याची काहीच चूक नव्हती.

तरी तो उठला. डबा छातीशी धरून मधल्या वाटेत उभा राहिला.

"बसा की तोवर," मी माझ्या जागेवर बसत म्हणाले.

"नको. म्हातारं माणूस येणार आणि बघणार, आपल्या जागेवर भलताच बसलाय... बरं दिसत नाही ते." मागून येणाऱ्यांच्या बॅगा त्याच्या पाठीला घासत होत्या. "कसे दिसतात? म्हणजे दिसले की हात करतो."

मी खाली बघितलं. "उंच. थोडे वाकलेले. राखाडी स्वेटर. चालताना जमिनीकडे बघतात... सवयच आहे. चौतीस वर्षं नाट्यगृहात अंधारात लोकांना खुर्च्या दाखवत होते."

"डोअरकीपर?"

"हो."

"मग तर मेलोच मी! नेमका डोअरकीपरच्याच खुर्चीवर बसलो." तो हसला. मग म्हणाला, "चुकीच्या जागी बसलेल्याला काय करायचे ते?"

"ऊठ कधी म्हणायचे नाहीत. बॅटरीचा उजेड तोंडावर पाडायचे नाहीत, पायांपाशी पाडायचे. म्हणायचे, तुमची जागा तिकडे आहे, चला, मी पोचवतो."

"आणि लेक काय म्हणते... 'ही जागा माझ्या वडिलांची आहे!' शाळेतल्या बाई फळ्यापाशी बोलावतात तसं."

"तुम्हाला बोलावलं असेल बऱ्याचदा."

"रोज," तो म्हणाला. "पण एवढ्या छान बाईंनी नाही."

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मी पट्टा लावायचं निमित्त केलं.

"चालायला त्रास होतो का त्यांना?"

"गुडघे दुखतात."

"मग या गर्दीत एकटं कसं सोडलंत?"

विमान भरत आलं होतं. वरचे कप्पे धाडधाड बंद होत होते. तो टाचा उंचावून सारखा दाराकडे बघत होता... माझ्या बाबांची वाट बघत होता. आता सांगावं, आता सांगावं, असं म्हणता म्हणता शेवटचा प्रवासीही बसला आणि एअर होस्टेस आमच्यापाशी आली.

"सर, बसून घ्या प्लीज. आपण निघतोय."

"एक जण यायचेत अजून."

"सगळे आलेत, सर. दार बंद झालंय."

"यांचे वडील बाहेर आहेत! वय झालंय, गुडघे दुखतात. बाथरूमला गेले असतील, नाहीतर दुसऱ्याच गेटवर बसले असतील बिचारे. जरा नाव पुकारा ना."

"सर, आता दार उघडता येणार नाही."

"का नाही येणार? दार आहे ना ते, भिंत तर नाही!"

"अहो, बसा हो!" मागून कुणीतरी ओरडलं. "आम्हाला पोचायचंय!"

तो गर्रकन वळला. "तुमचे वडील बाहेर राहिले असते तर बसला असतात?" मग एअर होस्टेसकडे बघून, आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघा, जागेचा प्रश्न असेल तर मी उतरतो. माझी जागा त्यांना द्या. पण त्यांना आत घ्या."

मी त्याच्या बाहीला धरलं. ओळखदेख नसलेल्या माणसाच्या बाहीला.

"उघडायला सांगू नका," मी म्हणाले. "ते येणार नाहीत."

"म्हणजे?"

"वारले ते. नऊ दिवस झाले."

झालं. दोनच छोटी वाक्यं होती. माझा आवाज मलाच सपाट वाटला, ग्रंथालयात कुणाला परतीची तारीख सांगावी तसा. मागचा माणूस गप्प झाला. एअर होस्टेसनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. त्याला निदान चिडायचा हक्क होता. सगळ्या विमानासमोर मी त्याला मृत माणसासाठी भांडायला लावलं होतं.

तो चिडला नाही. रिकाम्या खुर्चीकडे बघत, अगदी हळू म्हणाला, "मग... मी कुठं बसू?"

"तिथंच बसा. तिसरी घंटा झाली की बाबा खुर्ची रिकामी राहू द्यायचे नाहीत. मागे उभं असलेल्या कुणाला तरी आणून बसवायचे. म्हणायचे, रिकामी खुर्ची दिसली की नटाचा आवाज पडतो."

तो बसला. झोपलेल्या माणसाशेजारी बसावं तसा, अलगद. विमान धावायला लागलं आणि त्या घरघरीत मी रडले. नऊ दिवसांत पहिल्यांदा. तो 'रडू नका' म्हणाला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. मग खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाला, "कधी बसले होते का विमानात?"

"नाही."

"मग सांगतो काय दिसतंय. पाऊस खाली राहिला. आता नुसते ढग. पांढरे... नाही, पांढरे नाहीत. प्लास्टर कालवून ओतलं, की सुकायच्या आधी दिसतं ना, तसे."

"आम्हाला कसं ठाऊक असणार?" मी नाक पुसत म्हणाले.

"हां... मी कवळ्या करतो. दातांच्या. दवाखान्यातून मापं येतात, मी दात रचतो." त्यानं अंगठ्याचं नख पुढे केलं. "हे गुलाबी हिरड्यांचं. लोकांना वाटतं मी घर रंगवतो."

"आणि डब्यात?"

"एका आजींचे दात. उद्या नातीचं लग्न आणि जुनी कवळी परवा फरशीवर आपटली. दवाखाना म्हणाला, कुरियरनं पाठवा. आजींनी स्वतः मला फोन केला. काय बोलल्या ते एक अक्षर कळलं नाही, पण रागावल्यात एवढं कळलं. म्हणून निघालो."

मला हसू फुटलं. हसताना तोंडावर हात धरायची मला लहानपणापासूनची सवय आहे.

"हात काढा," तो म्हणाला.

"का?"

"धंद्याचा प्रश्न आहे... डावा सुळा जरा पुढे आलाय तुमचा."

"माहितीये. आई जाईपर्यंत म्हणत होती, तार लावून घे म्हणून."

"लावली नाहीत ते बरं केलंत. मी दहा वर्षं हुबेहूब सारखे दात रचतोय. सगळी माणसं एकसारखी हसतात त्यांत. असा एखादा रचायचा म्हटलं तरी जमत नाही." मग त्याचं त्यालाच कळलं आपण काय बोललो ते. "म्हणजे... तांत्रिकदृष्ट्या."

"तांत्रिकदृष्ट्या," मी म्हणाले, आणि हात खाली ठेवला.

पर्समध्ये एक गोष्ट होती. बाबांचे कपडे, चष्मा, रेडिओ, सगळं कुणाला ना कुणाला दिलं होतं. पण त्या सकाळी पेल्यात, पाण्यात राहिलेली कवळी कुणाला देणार? टाकवतही नव्हती. रुमालात गुंडाळून मी ती घेऊन आले होते. कुणालाही दाखवायची लाज वाटली असती... त्याला मी ती दिली.

त्यानं आधी ओल्या कागदानं हात पुसले. मग कवळी तळहातावर घेतली आणि उजेडाकडे धरली.

"डाव्या बाजूनं चावायचे."

"हो."

"रात्री काढून ठेवायचे, न चुकता. नीटनेटका माणूस." त्यानं अंगठा पुढच्या दातांवरून फिरवला आणि थांबला. "इथं खाच आहे. पुढच्या दातांत काहीतरी धरायचे ते. वर्षानुवर्षं... पाइप ओढायचे का?"

मी नाही म्हणणार होते. मग आठवलं. पडदा वर गेल्यावर उशिरा येणारी जोडपी, एका हातात त्यांची तिकिटं, दुसऱ्या हातानं कुणा म्हातारीचा दंड धरलेला...

"बॅटरी," मी म्हणाले. "दोन्ही हात अडकलेले असले की बॅटरी दातांत धरायचे."

कवळी त्यानं परत रुमालात घातली, चारी टोकं नीट दुमडली आणि माझ्या हातात देताना माझी बोटं मिटवली. त्याचा हात उरलेला प्रवासभर तिथेच राहिला. मीही तो काढा म्हणाले नाही.

उतरायच्या आधी त्यानं विचारलं, "न्यायला कुणी येणारे का?"

"शेजारच्या काकू. त्यांना... माहिती नाहीये."

"मी सांगू?"

"नको. मीच सांगते. तुम्ही फक्त बाजूला उभे राहाल?"

काकू बाहेर कठड्याशी उभ्या होत्या, हातात घडीची छत्री आणि बाबांसाठी गरम शाल. माझ्या मागे नजर टाकत म्हणाल्या, "बाबा कुठायत गं? आणि हे कोण?"

"काकू, बाबा वारले," मी म्हणाले. या खेपेला आवाज फुटला, पण वाक्य पुरं झालं. काकूंनी हातातलं सगळं खाली टाकलं आणि मला जवळ घेतलं. तो दोन पावलांवर डबा धरून उभा होता. कुठे बघावं ते न कळून छताकडे बघत होता, पण गेला नाही.

बऱ्याच वेळानं काकूंनी डोळे पुसले. तो पुढे आला. "मला निघायला हवं. आजी परवापासून नुसतं पातळ पिऊन आहेत."

"हो. जा तुम्ही."

"जातो." पण पाय हलले नाहीत. "खरं सांगू? जावंसं वाटत नाहीये."

मी इतके दिवस मनातलं मनातच ठेवत आले होते. आज एकदा बोलून बघितलं होतं, आणि विमान कोसळलं नव्हतं.

"मलाही तुम्ही जाऊ नये असं वाटतंय," मी म्हणाले.

त्याच्या चेहऱ्यावर किती काय काय झालं! मग तो गडबडीनं म्हणाला, "मग चला ना बरोबर. दात बसवताना आरसा धरायला कुणीतरी लागतंच. तासाभरात घरी आणून सोडतो."

मी काकूंकडे बघितलं. काकूंनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "फोन नंबर द्या आधी," त्या म्हणाल्या. त्यानं दिला. त्यांनी तिथल्या तिथे लावून बघितला, त्याच्या खिशात वाजला, तेव्हा माझी बॅग उचलली. "जा गं. बाबांच्या त्या रिकाम्या खोलीत जायला रात्र पडलीये अख्खी. मी आहे घरी. एकटीनं आत जायचं नाही."

आजींचं घर पाहुण्यांनी गजबजलं होतं. आजी मात्र मागच्या खोलीत दार लावून, पदरानं तोंड झाकून बसल्या होत्या. तो त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला. दात बसवले, काढले, कानशीनं घासले, पुन्हा बसवले. "चावा. आता उजवीकडे. दुखतंय?" इतक्या हळुवार आवाजात तो विचारत होता, की मी आरसा धरून त्याच्याकडेच बघत राहिले.

"आरसा वर घे गं जरा," आजी म्हणाल्या. अगदी स्पष्ट. आणि स्वतःचाच आवाज ऐकून खूश झाल्या.

त्यांनी आरशात बघून ओठ मिटले, उघडले, पुन्हा हसून बघितलं. मग आरशावरून आधी त्याला बघितलं, मग मला.

"छान जोडी आहे. लग्नाला किती वर्षं झाली?"

"नाही, आजी, आम्ही..." तो अडखळला. कानांच्या पाळ्या पुन्हा लाल. "आमचं तसं काही..."

"अजून नाही," मी म्हणाले.

आजींनी आरसा माझ्या हातातून काढून घेतला, आणि आम्हाला एकमेकांकडे बघू दिलं.