चौदा नंबरच्या खोलीची गजाल

शनिवारी सकाळी अकराला पुनर्विकासाच्या कार्यालयातल्या मॅडम येणार होत्या, आणि शुक्रवारची दुपार झाली तरी चौदा नंबरच्या खोलीत एकही जुना कागद सापडला नव्हता.

काळाचौकीच्या चाळीतली ही खोली कुणा एकाची नव्हती, ती अख्ख्या चिंचखोल गावाची होती. गावातून नोकरीसाठी मुंबईला येणाऱ्याने आधी इथे पथारी टाकायची, असा शिरस्ताच होता. गिरण्या होत्या तेव्हा इथे सतराजण पाळीपाळीने झोपायचे. आता सहाजण राहत होते, आणि त्यांच्यात सर्वांत जुने सीताराम आजोबा. आता चाळ पडणार होती. गिरण्यांच्या काळापासून खोली गावाकडेच आहे असा लेखी पुरावा दाखवला, तरच नव्या इमारतीत गावाला खोली मिळणार होती. पण कागदांची ट्रंक सव्वीस जुलैच्या पुरात बुडाली, ती बुडालीच. खोली गेली तर आजोबांनी कुठे जायचं, हे कुणी मोठ्याने विचारत नव्हतं. शेजारच्या पंधरा नंबरमधल्या स्पृहाच्या डोक्यातून मात्र ते हलत नव्हतं. तिचं अर्धं लहानपण आजोबांच्या पथारीवरच गेलं होतं ना!

"चेडवा, वही खय गेली गो?" आजोबांनी रिकाम्या खुंटीकडे बघत स्पृहाला विचारलं.

वही म्हणजे गजालींची वही. या खोलीत पाऊल टाकणाऱ्याने गावाकडची एक तरी गजाल, म्हणजे गमतीची गोष्ट सांगायची, ती वहीत लिहायची आणि खाली सही करायची. त्याशिवाय त्याला परत जाताना उंबरा ओलांडू देत नसत. खुंटीला टांगलेली असल्यामुळे वही पुरातूनही वाचली होती. आणि त्याच वहीत, आजोबांना चांगलं आठवत होतं, चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये एका रेशनच्या इन्स्पेक्टरनेही गजाल सांगितली होती. हा साहेब माणसं मोजायला आला आणि पुरता अडकला. सहीबरोबर त्याने हौसेने बॅगेतला सरकारी शिक्काही उमटवला होता.

स्पृहा ताडकन उठली. तारीख, खोली, गाव आणि वर शिक्का! आणखी काय हवं होतं?

गावच्या मंडळाचे सेक्रेटरी प्रफुल्लकाका मात्र हसायलाच लागले. विनोदाच्या वहीवर कुणाला खोली मिळते का, असं म्हणाले आणि पुन्हा फायली उपसायला लागले. वही कुठे आहे, हे विचारल्यावर त्यांचं हसू जरा ओसरलं. मॅडम येणार म्हणून त्यांनी बुधवारी खोली चकाचक केली होती आणि वही रद्दीत दिली होती. झालं! ज्याने जपायची त्यानेच घालवली.

"चला," स्पृहा म्हणाली. एवढंच. लवू आणि आकांक्षा चपला शोधत तिच्यामागे धावले. लवू तिच्याच वर्गातला. आकांक्षा वरळीच्या बीडीडी चाळीतली, मावशीकडे सुट्टीला आली होती आणि आठ दिवसांत आजोबांच्या पंचवीस गजाली तिला तोंडपाठ झाल्या होत्या.

रद्दीवाल्याने मान हलवली. वर्तमानपत्राची शाई खाण्याला लागते, म्हणून हल्ली भजीवाले वह्यांचे कागद मागतात. ती जाड वही कालच भजीवाली बकुळामावशी घेऊन गेली, असं त्याने सांगितलं. म्हणजे वहीचं एकेक पान भज्यांखाली चाललं होतं!

पुलाकडच्या कोपऱ्यावर बकुळामावशीच्या गाडीभोवती ही गर्दी! आणि गंमत म्हणजे भजी संपली तरी कुणी हलत नव्हतं. एकजण तेलकट कागद डोळ्यांजवळ धरून मोठ्याने वाचत होता. चिंचखोलच्या राजारामने गजराचं घड्याळ आणलं, तेव्हापासून त्याचा कोंबडा आळशी झाला. घड्याळ वाजेपर्यंत तो आरवेना. मग घड्याळ बंद पडलं, अख्खी वाडी नऊ वाजेपर्यंत घोरत पडली, आणि राजाराम घड्याळजीकडे गेला तो कोंबडा बगलेत मारून. का, तर बिघाड नक्की कुणात आहे ते एकदा बघा म्हणून! पुढचं पान मिळावं म्हणून माणसं दुसरी प्लेट मागत होती.

"वही द्यायला मी काय येडी हाय?" बकुळामावशी झारा हलवत म्हणाली. "कालपासून दुप्पट भजी खपतायत."

लवूने डोळ्यांत पाणी आणून बघितलं, आकांक्षाने वाद घातला. मावशी ढिम्म. स्पृहाने मात्र कढईजवळ जाऊन शांतपणे सगळं सांगितलं. खोलीचं, आजोबांचं, उद्याच्या अकराचं. मग म्हणाली, "मावशी, वही आम्हाला द्या. उद्यापासून सुट्टी संपेपर्यंत रोज वीस गजाली आम्ही कोऱ्या कागदांवर लिहून आणून देतो."

"रोज वीस? न चुकता?"

"न चुकता."

मावशीने पदराला हात पुसले आणि वही तिच्या हातात दिली.

पण वही अर्धीच उरली होती. मावशीने मागून पानं फाडत आणली होती. स्पृहाने घाईघाईने उलटली. शेवटच्या पानावर तारीख होती जुलै चौऱ्याहत्तर. आजोबांनी सांगितलेला महिना तर ऑगस्ट होता. म्हणजे ते पान नुकतंच, अगदी आत्ताच फाटलं होतं!

"पिवळा शर्टवाला," मावशी म्हणाली. "बायकोला वाचून दाखवतो म्हणाला. बस स्टॉपकडे गेला बघ."

लवू सुटलाच. बस आली होती, पिवळ्या शर्टाचा एक पाय पायरीवर होता. लवूने त्याचा शर्टच धरला. माणूस भडकला, कंडक्टर ओरडला, मागचे लोक ओरडले. तोवर धापा टाकत स्पृहा पोचली आणि तिने त्या माणसाला एकच विचारलं, की गजालीखाली शिक्का आहे का. त्याने खिशातून कागद काढला. आहे की! एका कोपऱ्यावर हिरवी चटणी, आणि तिच्या शेजारी जांभळा, गोल, ठसठशीत शिक्का. त्याची बस गेली, पण सगळं ऐकल्यावर त्याने कागद स्वतःहून दिला. बायकोसाठी म्हणून आकांक्षाने त्याला तिथल्या तिथे दोन गजाली ऐकवल्या.

दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला मॅडम आल्या. त्यांचं नाव सुचित्रा, आणि चेहरा असा की चहाही विचारायचा धीर होईना. प्रफुल्लकाकांनी फायली पुढे केल्या. मॅडमनी दोनदा मान हलवली. पन्नास वर्षांपूर्वीचं त्यात काहीच नव्हतं. आजोबा भिंतीला टेकून खाली बघत होते. तेव्हा स्पृहा पुढे झाली आणि तिने तो तेलकट कागद मॅडमच्या हातात दिला.

मॅडम वाचू लागल्या. इन्स्पेक्टर एका गावात गेला होता. तिथे एकाने रेशनकार्डावर घरातल्या माणसांत चंद्रभागा, वय वर्षं चार, असं लिहून दिलं होतं. इन्स्पेक्टरने विचारलं, शाळेत जाते का? तो म्हणाला, रोज जाते हो, पण मास्तर हाकलून लावतात. इन्स्पेक्टर मास्तरांवर खवळला आणि तडक शाळेत गेला, तर चंद्रभागा शाळेची बाग खात उभी. म्हैस होती ती!

मॅडमचे खांदे हलायला लागले. मग त्या खदखदून हसल्या. डोळे पुसून त्यांनी खालच्या ओळी मात्र पुन्हा पुन्हा वाचल्या. 'खोली क्रमांक १४, चिंचखोल ग्रामस्थ मंडळ, हजर गावकरी सतरा, १२ ऑगस्ट १९७४.' सतराजणांची नावं. सही. शिक्का. सहाव्या नावावर त्यांचं बोट थांबलं, सीताराम.

"हा पुरावा मी जोडून घेते," त्या म्हणाल्या. "खोली गावाचीच राहील."

आजोबांनी स्पृहाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहिला. प्रफुल्लकाकांनी सगळ्यांसमोर कान पकडले. म्हणाले, मी कपाटं धुंडाळली आणि वही विकली, पण डोकं या पोरांनी वापरलं. आजपासून वही त्यांच्या ताब्यात.

मॅडम पर्स उचलून निघाल्या, तर आजोबा उंबऱ्यात आडवे उभे. हातात पेन.

"मॅडम, हयसून गजाल सांगितल्याबिगर कोणी जाणा नाय."

मॅडमनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा आजोबांकडे. मग पर्स खाली ठेवली, पथारीवर मांडी घातली आणि आपल्या मामाच्या गावच्या बैलाची गजाल सांगितली. खोली हसून हसून लोळली. आकांक्षाने ती शब्दन् शब्द लिहून घेतली, मॅडमनी खाली झोकात सही केली.

"शिक्का पण मारा," स्पृहा म्हणाली. "आणखी पन्नास वर्षांनी लागेल."