सालईचं मलम

मार्कंड्याच्या जत्रेत दिवसभर उभं राहून रंजीताचे पाय भरून आले होते. समोर कुरखेड्याच्या तिच्या बचत गटाने बनवलेल्या, सालईच्या डिंकाच्या मलमाच्या डब्या. आता आवरावं म्हणून ती वाकली, तोच कोणीतरी विचारलं, "वास तर धुपावानी येते. लावाचं आहे का जाळाचं?"

"लावाचं. हात दाखवा."

त्याने हात मागेच घेतले. मग... हळूच पुढे केले. सिमेंटने तळवे फाटून गेले होते. लोकेश त्याचं नाव. कोरपन्याकडे कारखान्यात पोती भरायचा. रंजीताने त्या भेगांवरून मलमाचं बोट फिरवलं. रानातला गोडसर वास दोघांमध्ये रेंगाळला.

"झोंबते?"

"नाई... थंड वाटते," तो म्हणाला, आणि हात काढून घ्यायला विसरला.

पुढे तो कुरखेड्याला येऊ लागला. बस बदलत, धुळीने माखत, गटाच्या शेडच्या दारात उभा राहायचा. "मलम संपलं."

"खाऊन राह्यले का जी मलम?" एकदा तिने विचारलंच. हात तर तसेच फाटलेले.

लोकेश खाली बघत हसला. "सोबत्याइले वाटून टाकतो. संपलं नाई तर... इथी कोन्या कामानं येऊ?"

रंजीताला हसू आलं, पण टिकलं नाही. "माय अंथरुणावर आहे. तिले सोडून मी कुठीच येनार नाई. येनाऱ्या स्थळाइलेही हेच सांगतलं. उगाच फेऱ्या मारू नका."

"मी कुठी चाल म्हनलं? मीच इकडं येतो म्हनून राह्यलो. इथल्या राइसमिलमंदी काम भेटलं. तू नाई म्हनशील, तर... नाई येत."

तिने त्याला बाकावर बसवलं, हात हातात घेतले आणि मलम लावत राहिली. रात्रपाळी करून तो थेट आला होता. भिंतीला डोकं टेकलं आणि तसाच झोपला.

चौकात शेवटच्या बसचा हॉर्न वाजला. तिचा हात त्याच्या खांद्यापर्यंत गेला... आणि परत आला.

दिवेलागणीला तो दचकून उठला. "बस?"

"गेली."

"उठवलं काऊन नाई?"

"कंटाळली मी तुमाले बसवर बसवून देऊन." डबीचं झाकण लावता लावता, त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "घरी चला. राइसमिलचं मायले तुमीच सांगा. मले बोलता येनार नाई... रडू येईल."