इनेस परत आली

स्पॅनिशमध्ये पहिली आली म्हणूनच रेका बोग्नारला हंगेरीतल्या पेच गावाहून स्पेनमधल्या कादिसला शिकायला पाठवलं होतं. आणि पहिल्याच सकाळी घरमालकीण विर्तुदेसबाई जिन्याशी काहीतरी भराभर बोलल्या, त्यातलं तिला अक्षर कळलं नाही. कादिसची माणसं शब्दांची शेपटं गिळून बोलतात. रेकाने दोनदा "काय म्हणालात?" विचारलं. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली, म्हणून ती नुसतं "हो" म्हणाली.

"अगं, कॉफी काळी की दुधाची, विचारतेय मी! नुसतं 'हो' काय?" बाई खो खो हसल्या. "तुमच्याकडे सगळे मुकेच राहतात की काय?"

रेकाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तेव्हापासून ती कमी बोलायची आणि मान डोलवायची.

पूर्वेचा वारा सुटला होता. गल्लीतल्या दोऱ्यांवर कपडे आडवे होत होते, दाराच्या फटीतून बारीक वाळू आत येऊन पावात कचकचत होती. बाजारात रेकाने बोटानेच दोन बांगडे दाखवले. मासेवालीने मान वर केली आणि तिची सुरी थांबली.

"इनेस? कधी आलीस गं?"

कादिसला आल्यापासून रेकाला पुरतं कळलेलं हे पहिलं वाक्य. 'मी ती नव्हे' एवढंच म्हणायचं होतं. पण मागे बायकांची रांग, क्रियापद तोंडात अडकलेलं. तिने मान डोलवली.

"केवढी वाळलीस!" मासेवालीने एक बांगडा जास्तीचा टाकला. "आईला भेटलीस ना?"

"भेटले की," रेका म्हणाली. शब्दाचं शेपूट गिळून, अगदी इथल्यासारखी.

परतताना तिला स्वतःचीच शिसारी आली. पण सगळं कळलं होतं, हेही खरंच.

दुसऱ्या दिवशी पाववाल्याने "इनेस!" म्हणून हाक मारली, मग तंबाखूच्या दुकानातल्या म्हाताऱ्याने. त्या नावाने कुणी बोलावलं की भाषा पाण्यासारखी वाहायची. खरं नाव सांगितलं की जीभ पुन्हा लाकूड. हळूहळू रेकाने नाव सांगणंच सोडलं. संध्याकाळी खोलीत आली की ती आरशाकडे पाठ करून बसायची.

शेवटी तिने विर्तुदेसबाईंना विचारलं, "ही इनेस कोण?"

"पलीकडच्या गल्लीतल्या एन्कार्नाची पोर. गेली शिकायला परदेशी, बरीच वर्षं झाली. सुरुवातीला फोन यायचे. मग एन्कार्नाच म्हणायला लागली, फोनवर बोलते ती माझी इनेस नव्हे. आवाज तिचा, पण बोलते परक्यासारखी. लोकांनी वेड्यात काढलं बिचारीला."

"मी तिच्यासारखी दिसते का?"

बाईंनी तिला निरखलं. "छे गं! कुठे ती, कुठे तू. नखसुद्धा जुळत नाही."

रविवारी दुपारी एन्कार्नाबाई स्वतःच दाराशी आल्या. पदराला हात पुसावेत तसे त्यांनी ॲप्रनला हात पुसले.

"जेवायला चल," एवढंच म्हणाल्या.

तेव्हा खरं सांगता आलं असतं. रेका मुकाट्याने मागे गेली.

टेबलावर एकच ताट होतं. चण्यांचं आणि पालकाचं कालवण वाफाळत होतं. एन्कार्नाबाई समोर बसून ती जेवताना बघत राहिल्या. चौथ्या-पाचव्या घासाला रेका थांबली. तिने चमचा ठेवला.

"मी इनेस नाही हो." तिला रडू फुटलं. "मला बोलता येत नव्हतं, म्हणून मी सगळ्यांना…"

"ठाऊक आहे. आई आहे मी. डोळे फुटलेत का माझे?" बाईंनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "तेव्हा फोनवर ती पोरगी मला आई म्हणाली. शेजारणी बसल्या होत्या. त्यांच्यासमोर कसं विचारू, तू कोण म्हणून? मी म्हटलं, हो बाळा. एकदाच म्हटलं गं, आणि माझी इनेस गेली ती गेलीच."

खिडकीची झडप आपटत होती.

"तू सांग जाऊन," एन्कार्नाबाई म्हणाल्या. "वर्गात, बाजारात, सगळीकडे. मोठ्याने सांग नाव. उशीर नको करूस."

सोमवारी वारा पडला होता. वर्गाच्या खिडक्या समुद्राकडे उघड्या होत्या. रेका पुढच्याच बाकावर बसली. रस्ताभर तिने आपलं नाव घोकलं होतं.

सर हजेरी घेऊ लागले.

"बोग्नार, रेका."

ती उठून उभी राहिली.

"हजर," मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली.

अडखळत. एकेक अक्षर सुटं, पुस्तकातल्यासारखं.

कुणी वळून पाहिलं नाही. सरांनी हजेरीपटावर खूण केली. मग त्यांना पुढच्या बाकाशी उभी असलेली मुलगी दिसली.

"काय हवंय, पोरी?" त्यांनी मायेने विचारलं. "कुणाला शोधतेस?"

सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. कुणीतरी फिसकन हसलं.

"कुणाला नाही, सर. चुकून आले," ती म्हणाली. अस्सल कादिसच्या बोलीत.

तिने पिशवी उचलली. वर्गाला त्रास नको म्हणून बाहेर जाताना दार हळूच ओढून घेतलं.