सात नांग्या

शेवंतीची सात रोपं चोरीला गेली होती आणि चोराने जाताना त्या जागी दुसरी सात लावून ठेवली होती. इतका टापटिपीचा चोर गुप्तहेराने आजवर पाहिला नव्हता.

रोपवाटिकेच्या मालकीणबाईंचा निरोप आला, तसा तो मेहुण्याला घेऊन निघाला. बायकोचा भाऊ, घरी बसवता येत नाही आणि बाहेर नेऊन उपयोग होत नाही.

वाफ्यापाशी बाईंनी सगळं सांगितलं. त्यांचे यजमान बारा वर्षं खपून शेवंतीची ही नवी जात मागे ठेवून गेले होते. तिची चाळीसच रोपं होती. तीस वर्षांच्या जुन्या माळ्याला आज संध्याकाळी कामावरून काढायचं, असं त्यांच्या पुतण्याने ठरवून टाकलं होतं. बोलता बोलता बाई सवयीने वाकून तण उपटू लागल्या. माळी लगबगीने पुढे आला.

"बाई, राहू द्या. मी करतो."

"यांच्या वाफ्यातलं तण मीच काढते रोज," बाई म्हणाल्या, पण उठल्या.

"नांग्या कशा भरल्यात पाहा," पुतण्या म्हणाला. "माळ्याशिवाय कुणाला जमणार?"

मेहुण्याने दचकून पायाखाली पाहिलं. त्याला नांगी म्हटलं की विंचूच ठाऊक. पुतण्याने समजावलं, लागवडीनंतर एखादं रोप मरतं, तिथे खाडा पडतो, त्या रिकाम्या जागेला नांगी म्हणतात. पंधरवड्याच्या आत तिथे त्याच वयाचं रोप लावायचं, नाहीतर ते मागे पडतं. शेजारी काडी खोचायची, कारण नव्या रोपाला काही दिवस वेगळं पाणी लागतं.

सातही रोपांशेजारी पांढऱ्या काड्या होत्या. मेहुण्याला त्या फाटकातूनच दिसल्या होत्या.

पुतण्या आठ दिवस परगावी होता. परतला त्या दिवशीच त्याने काड्या पाहिल्या आणि काकूंना सांगितलं. तोवर आपल्याला पत्ताच नव्हता, असं बाई म्हणाल्या. माळ्याला विचारलं तर तो एवढंच म्हणाला, की चोरी मी केली नाही. मग कुणी केली, यावर त्याने मान खाली घातली.

गुप्तहेर माळ्याच्या खोलीमागे जाऊन आला आणि त्याने सगळ्यांना अवजारांच्या खोलीत बोलावलं.

"पुतण्याच, भावोजी," मेहुणा कुजबुजला. "फार बोलतो."

"तू गप्प बस." मग तो इतरांकडे वळला. "ज्याला चोरी लपवायची आहे, तो काड्या कशाला खोचेल? आणि ज्याला रोपं पळवायची आहेत, तो खड्डे तसेच टाकून पळेल. नांगी भरतात ती रोप गेल्यावर. म्हणजे भरणाऱ्याला रोपं गेलेली सापडली. ती माळ्यानेच भरली. नवी जात आणि साधी रोपं मिसळू नयेत म्हणून काड्याही खोचल्या. त्याला फक्त एका माणसापासून हे लपवायचं होतं."

"कुणापासून?" पुतण्याने विचारलं.

गुप्तहेराला पुढचं बोलणं जड गेलं. "जो माणूस रोज या वाफ्यात बसतो, पण ज्याला त्या काड्या दिसत नाहीत. बाई, शेवंतीचं कोवळं रोप आणि हे तण, पानं जवळजवळ सारखीच. फरक नजरेलाच कळतो."

पुतण्या काकूंकडे पाहतच राहिला.

"सहा महिने झाले," बाई शेवटी म्हणाल्या. "सगळं धुरकट दिसतं. सांगितलं असतं तर वाफा माझ्याकडून काढून घेतला असता." त्यांनी मातीचे हात एकमेकांवर चोळले. "म्हणजे यांची रोपं मीच उपटली. आणि माळीबुवा, तुम्हाला घालवून देत होते तरी तुम्ही बोलला नाहीत."

"बोललो असतो तर तुम्ही पुन्हा वाफ्यात उतरला नसता," माळी म्हणाला. "तणाच्या ढिगातून सातही वेचून कुंड्यांत लावली होती. तीन जगलीत. माझ्या खोलीमागे आहेत."

"काकू, ही चूक माझी," पुतण्या म्हणू लागला, पण बाईंनी त्याला हाताने थांबवलं. त्या उठल्या आणि दाराकडे निघाल्या.

"चला, दाखवा मला," त्या म्हणाल्या. मग थांबून त्यांनी माळ्यापुढे हात केला. "नाही. माझा हात त्या रोपांवर ठेवा."