फाटकापाशी ठेवलेला दगड

ड्रुम लिआ डोंगराच्या धारेवर फारसं कुणी फिरकत नाही. जो जातो, तो खालच्या फाटकापाशी एक दगड ठेवून जातो आणि उतरल्यावर आपलाच दगड उचलून फेकून देतो. दगड उरला, तर माणूस अजून वरच आहे असं समजायचं. ही रीत कुणी पाडली ते मला विचारू नका. पण आमच्या त्या डोंगराळ मुलखात ती मोडायला कुणी धजत नाही.

इशबेलने आपला दगड कॅलमच्या दगडाशेजारी ठेवला. तिच्या नवऱ्याचा तो पांढऱ्या रेघेचा दगड गेल्या ऑक्टोबरपासून तिथेच होता. कॅलम सापडलाच नव्हता. वर्षभर तिच्या डोळ्यांतून टिपूस आला नव्हता. आत सगळं बधिर झालं होतं. त्याची शेवटची वाट एकदा चालून यावं, एवढंच तिला हवं होतं.

"धुकं उतरलं की मागे फिर, पोरी," गाडीत बसता बसता सासरा मर्डो म्हणाला. त्याच्या गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारला होता. "आणि दुसऱ्याच्या दगडाला हात लावायचा नाही."

"माहीत आहे, बाबा. कुक्कुलं बाळ आहे का मी?"

दुपारी धुकं आलं. ओल्या मेंढरांचा वास दाटला. ती माघारी वळली, तेव्हा मागे बूट वाजू लागले. ती थांबली की तेही थांबत. कॅलमच्या डाव्या पायाची फरफट तिने लगेच ओळखली.

"कॅलम..."

भीती वाटायला हवी होती, वाटली नाही. पावलं फाटकापर्यंत आली आणि तिथेच घुटमळली. त्याला पुढे का येता येत नाही, ते तिला कळलं. तिने पांढऱ्या रेघेचा दगड उचलून लांब फेकला.

मग ती आपला दगड उचलायला वाकली. बोटांना काही लागलंच नाही. ती दगडातून आरपार गेली; तो जागचा हलला नाही.

मर्डो गाडीतून उतरला. इशबेलच्या पलीकडे पाहत तो पुढे आला.

"आलास रे, गाढवा..." त्याने पोराला पोटाशी धरलं. "आणि इशबेल? ती कुठे राहिली?"

"बाबा, मी इथेच आहे..."

थर्मासमधला चहा दोनच पेल्यांत ओतला गेला. अंधारून येईतो दोघं वाट बघत बसले. शेवटी मर्डो लंगडत फाटकापाशी गेला आणि तिच्या दगडावर वाकला.

"राहू द्या, बाबा," कॅलम इशबेलकडे बघत हळूच म्हणाला. "दुसऱ्याच्या दगडाला हात लावायचा नाही."