अकरानंतरची लिफ्ट

हस, आमोद. ऋचा, तूही हस. भुताखेतांना यज्ञेश्वरही हसायचा.

तो आमच्या कोथरूडच्या सोसायटीचा सचिव, चौथ्या मजल्यावरचा. रोज रात्री अकराला खाली यायचा, पेटीचं कुलूप काढून लिफ्टचा मेन स्विच पाडायचा. वीजबचत. किल्ली जानव्याला.

गेल्या उन्हाळ्यात एका रात्री तिसऱ्या मजल्यावरच्या गेनबांच्या छातीत कळ आली. त्यांची बायको सरुबाई किल्ली मागायला धावत वर गेली.

"ॲसिडिटी असेल, सोडा द्या," यज्ञेश्वर दारातूनच म्हणाला. "लिफ्ट सहाला सुरू होते."

"सायेब, त्यास्नी चालवत न्हाय."

"उतरायला कसले कष्ट?"

गेनबा जिना उतरायला लागले. पहिल्या मजल्यावर कोसळले, ते गेलेच. डॉक्टर म्हणाले, चालवायलाच नको होतं. एक चप्पल त्या गडबडीत हरवली. उरलेली मी माझ्या हातानं घंटागाडीत टाकली. शोकसभेत आपले सचिव पथ्यपाण्यावर बोलले.

मग मार्गशीर्षातली अमावास्या. रात्रीचे दोन. यज्ञेश्वरच्या छातीवर कुणी पाटा ठेवावा तसं झालं. डावा हात जड. घाम.

"ॲसिडिटी असेल," त्याची बायको, हेमावहिनी म्हणाल्या. "सोडा देऊ?"

फोन मात्र त्यांनी ॲम्ब्युलन्सलाच लावला. तिकडून सांगितलं, ॲस्पिरिन चावून खायला द्या, जिना अजिबात उतरू देऊ नका. गोळी दिली. किल्ली सोडवायला वहिनींनी जानव्याला हात घातला...

बाहेर लिफ्ट आली.

आत दिवा. प्लास्टिकची खुर्ची.

"बसा, सायेब. चालायचं न्हाय."

कुणी नव्हतं.

वहिनींनी धरून नेलं. तो बसला. न बसून जातो कुठे?

तिसरा... दुसरा... पहिल्यावर लिफ्ट थांबली. दार उघडलं नाही. आत दोघंच. श्वास तिघांचे. एकाला धाप लागलेली...

मग खाली.

पहाटेच्या आत अँजिओप्लास्टी झाली. वाचला. असली माणसं वाचतातच.

सकाळी मी बघितलं. पेटीला कुलूप. काचेतून स्विच दिसत होता, पाडलेला. किल्ली हॉस्पिटलात, जानव्याची गाठ तशीच. लिफ्टमध्ये गेनबांची हरवलेली चप्पल.

आठवड्यानं सचिव घरी आले. सुधारले असतील, असं वाटतं ना? चप्पल फेकून दिली, लिफ्टमध्ये पाटी लावली : 'येथे पादत्राणे ठेवू नयेत. – सचिव.' आणि अकराला स्विच पाडला.

सकाळी सगळ्यात आधी मी लिफ्ट उघडली.

पाटीखाली चपला होत्या... दोन्ही.