काळी पडलेली कडी

त्या दिवशी ती शाळेतल्या आपल्या वर्गाला घेऊन कुंभाराकडे निघाली होती. त्याचं दार बंद, म्हणून वाटेतल्या माझ्या भट्टीपाशी थांबली. मागे बावीस मुलं, हातात वह्या.

"जुने व्यवसाय दाखवतेय मुलांना," ती म्हणाली. "वस्तू बघायची, नाव विचारायचं, मग लिहायचं. चालेल ना?"

विस्तव, मुलं, आणि वर ही बाई. बायकांशी बोलायची मला सवय नव्हती.

"लांब उभं राहायचं," एवढंच म्हणालो.

"मुलांना सांगताय की मला?"

मुलं हसली. मी हातोडा उचलला. ऐरण, भाता, सांडशी... एकेक नाव सांगत गेलो. ती प्रत्येक शब्द माझ्यामागून म्हणायची, मुलं लिहायची. तिच्या तोंडून माझीच हत्यारं मला नवी वाटली.

घडवलेली कडी मी ऐरणीवर ठेवली. लाली गेली, कडी काळी पडली. "आणि ही बघा—" म्हणत तिने हात पुढे केला.

मी झडप घालून तिचं मनगट धरलं.

"काळी पडली म्हणजे गार झाली असं नसतं, बाई..." मी कसंबसं म्हणालो.

"बरं," ती हळूच म्हणाली. "आता हात सोडता, की तेही लिहून घेऊ?"

मनगटावर माझी पाच काळी बोटं उमटली होती. ती गेली आणि मला धडकी भरली. भर मुलांत परक्या बाईचा हात धरला... आता कसली येतेय ही परत!

चौथ्या दिवशी आली. एकटी. एक वही उघडून तिने वाचलं, "लोहारकाका विस्तवाला घाबरत नाहीत. बाईंचा हात धरला तेव्हा मात्र थरथरत होते." मग माझ्याकडे बघितलं. "खरं लिहिलंय का मुलीने? चूक असेल तर लाल शाईने खोडते."

"खरं आहे. अजून भीती वाटतेय."

"आता कसली?"

"तुम्ही परत जाल याची."

तिने हात पुढे केला. "मग धरा की..."

सव्वीस वर्षं धरला. दवाखान्यात तो गार पडला, तरी मी सोडत नव्हतो.

तिच्या शाळेतली मुलं अजून येतात. कुणी ऐरणीवरच्या काळ्या कडीकडे हात नेला की मी मनगट धरतो.

"थांबा," मी म्हणतो. "आधी तिचं नाव लिहा. तोवर गार होईल."